बांधकामाचा पोळा

वऱ्हाडाला समुद्र नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात स्पष्ट दिलेली असली तरी तिचे परिणाम कुठेच दिलेले नाहीत. समुद्र नाही म्हणून बेट नाही, बेट नाही म्हणून जागेची टंचाई नाही, आणि टंचाई नाही म्हणून जागेवरची भांडणं आम्हाला निव्वळ हौसेखातर करावी लागतात. अमरावतीचा माणूस शेजाऱ्याशी वीतभर जागेसाठी वीस वर्षं दिवाणी दावा चालवतो, तो काही त्या वितीवर घर बांधायचं असतं म्हणून नव्हे. तारखेला जायचं, वकिलाला चहा पाजायचा, शेजाऱ्याकडे न पाहता एकाच रिक्षातून परत यायचं, यात त्याचा वेळ बरा जातो.

मुंबईच्या माणसाचं तसं नाही. माझा एक मावसभाऊ मुंबईत असतो. मुंबई हे मुळात सात बेटांचं गाव. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ही सात भावंडं इंग्रजांनी मध्ये भर घालून घालून एका कुटुंबात आणली आणि तेव्हापासून त्या कुटुंबात कोणाला पाय पसरायला जागा नाही. मावसभाऊ आमच्याकडे आला की पहिले दोन दिवस नुसता घरातून हिंडत असतो. एकदा आमच्या न्हाणीघरात उभं राहून त्यानं दोन्ही हात आडवे पसरले आणि ते भिंतीला लागले नाहीत म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सौ.ला वाटलं, साबण गेला.

या मावसभावानं २०१५ साली पूर्व उपनगरात एक फ्लॅट नोंदवला. फ्लॅट म्हणजे काय, तर एक गुळगुळीत पुस्तिका. तिच्यात एक गोरी बाई गच्चीत उभी राहून कॉफी पीत होती. पुस्तिका छापून झाली होती. महापालिकेची परवानगी तेवढी यायची होती. आणि जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचऱ्याला आग लागली. मुंबईचा कचरा देवनारला पडत आलाय तो १९२७ पासून, म्हणजे तो नुसता ढीग नव्हे, ते एक जुनं घराणं आहे. आग अशी की तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. मग प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायालयानं सांगितलं, की आहे तो कचरा टाकायला तुमच्याकडे धड जागा नाही, तर आणखी कचरा करणारी माणसं कुठे ठेवता? मुंबईत नव्या इमारतींना परवानगी बंद. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला सूट होती. मावसभावाची पुस्तिका मात्र अगदीच नवी होती.

त्या दिवसात तो रोज रात्री फोन करी. "अरे, माझ्या घराचा आणि देवनारचा संबंध काय?" असा त्याचा सवाल असे. मी म्हणे, "तू राहायला गेलास की केळं खाशील ना? त्या सालाचा संबंध." यावर तो फोन ठेवी. २९ फेब्रुवारीला हुकूम झाला याचं मात्र त्याला थोडं समाधान होतं. दुखवट्याचा दिवस चार वर्षांतून एकदाच पाळावा लागणार होता. पुढे दोन वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं काही अटींवर सहा महिन्यांपुरती ती बंदी सैल केली आणि पुस्तिकेतल्या बाईची कॉफी एकदाची गरम झाली.

हे सगळं आम्ही अमरावतीत बसून ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर चवीनं ऐकत होतो. परक्या गावचा कचरा नेहमी उद्बोधक असतो. आणि अशात ३१ ऑगस्ट २०१८ चा शुक्रवार उजाडला.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तराखंड आणि चंदिगड इथल्या पुढच्या सगळ्या बांधकामांना स्थगिती दिली. कारण तेच. ८ एप्रिल २०१६ ला घनकचऱ्याचे नवे नियम निघाले होते, त्यांना धरून राज्यांनी आपापलं धोरण ठरवून न्यायालयापुढे ठेवायचं होतं. दोन वर्षं उलटली तरी ते पुढे आलं नाही. मग न्यायालय म्हणालं, धोरण येईस्तोवर बांधू नका. बाकीचं ९ ऑक्टोबरला पाहू. म्हणजे मावसभावाच्या बेटावरची बंदी पोहत पोहत वर्ध्यापर्यंत, बडनेऱ्यापर्यंत आणि थेट माझ्या टेबलापर्यंत आली.

माझं टेबल म्हणजे बँकेतलं घरकर्जाचं. मी कारकून आहे, बी. कॉम. आहे आणि अमुक शून्यांपुढे माझा हात थरथरत नाही, एवढ्या भांडवलावर मी लोकांच्या घरांना पैसे सोडत असतो. सोडतो म्हणजे सही साहेबांची, पैसे बँकेचे, घर गिऱ्हाइकाचं. माझी फक्त टाचणी. बँक पैसे एकदम देत नाही. जोत्याला थोडे, लिंटेलला थोडे, स्लॅबला बरेच आणि गिलाव्याला उरलेले. त्यामुळे कोणाचं घर कुठवर आलंय हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं.

शनिवारी, १ सप्टेंबरला, बँकेचं दार उघडायच्या आधी पायऱ्यांवर पंधरा माणसं उभी होती. पहिले आले ते एक गुरुजी. त्यांच्या घराचा लिंटेल झालेला होता.

"साहेब, पेपरात वाचलं. मंग आता माहा हप्ता थांबन ना?"

"गुरुजी, स्थगिती बांधकामाला आहे. हप्त्याला नाही."

"पन घर तं थांबलं."

"घर थांबलं. व्याज चालू आहे."

गुरुजी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मीही त्यांच्याकडे पाहत राहिलो. व्याज ही जगातली एकमेव इमारत आहे की जी उभी राहायला सिमेंट लागत नाही, परवानगी लागत नाही आणि जिला कोर्टाचा स्टे लागत नाही. गुरुजी भाड्याच्या घरात राहत होते. म्हणजे एका घराचं भाडं आणि दुसऱ्या घराचं व्याज, आणि दुसऱ्या घराला अजून डोकं नाही. हा हिशेब मी बी. कॉम.ला शिकलो नव्हतो. टेबलावर बसून शिकलो.

साहेबांनी वरच्या कचेरीला फोन लावला. वरच्या कचेरीनं सांगितलं, परिपत्रकाची वाट पाहा. परिपत्रक ही चीज मॉन्सूनसारखी असते. येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुठं अडकलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. तोवर मी फायली एकावर एक रचत गेलो. दुपारपर्यंत राज्यात चालू असलेलं ते एकमेव बांधकाम असावं.

खरी चर्चा रंगली ती बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर. मुद्दा असा, की 'पुढचं बांधकाम' म्हणजे काय? नवं घर हे बांधकाम, यावर एकमत होतं. पण अर्धं झालेलं घर? वाढीव खोली? कुंपणाची भिंत? आमच्या आळीत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक उपअभियंते आहेत. (त्यांच्या हयातीत त्यांनी बांधलेले दोन पूल अजून उभे आहेत, असं ते स्वतः सांगतात.) त्यांचं म्हणणं पडलं, की गिलावा हे बांधकाम नव्हे, ती वस्त्रप्रावरणं आहेत, आणि कोणत्याही न्यायालयाला एखाद्या भिंतीला उघडी ठेवण्याचा अधिकार नाही. वकीलसाहेब म्हणाले, हुकुमाची प्रत हाती येईपर्यंत विटेवर वीट ठेवू नये. टपरीवाल्यानं विचारलं, विटेवर फळी ठेवून बाक केला तर चालेल का? वकीलसाहेबांनी यावर विचार करून सांगण्यासाठी आणखी एक चहा मागवला, आणि तो फुकट घेतला.

कित्येकांना ही स्थगिती देवासारखी धावली, हेही नमूद केलं पाहिजे. आमच्याच बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या मागे सौभाग्यवतींचा तगादा होता, की पाहुणे येतात, दुसरं न्हाणीघर काढा. सात वर्षं तो नाना सबबी सांगून दमला होता. त्या शनिवारी तो वर्तमानपत्राची घडी छातीशी धरून घरी गेला आणि म्हणाला, "आता माझ्या हातात काही नाही. सर्वोच्च न्यायालयाची बेअदबी करू म्हणतेस का?" सोमवारी बँकेत आला तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होता. एका गृहस्थांनी भावाला वाटणी द्यायची होती ती थांबवली. मध्ये भिंत घालणं हे बांधकाम आहे, असा त्यांचा दावा.

पण टपरीवर सगळाच विनोद चालला होता असं नाही. एक बिल्डर तिथे रोज येत. नेहमी मोठ्यानं बोलणारे. त्या दिवशी कपातल्या चहाशी बोलल्यासारखे बोलत होते. "नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा गेल्या. मे २०१७ ला रेरा आला. जुलैत जीएसटी आला. म्हटलं, आता अजून काय यायचं राहिलं? तर कचरा." त्यावर सायन्सचे एक प्राध्यापक फणकारले. ते म्हणाले, "एकदा सुकळीच्या कंपोस्ट डेपोला जाऊन या. सारं शहर तिथे नेऊन ओततो आपण. तिथल्या गावकऱ्यांना विचारा, बांधकाम थांबलं तर वाईट वाटतं का म्हणून. त्यांचा तर श्वास थांबलाय." बिल्डर म्हणाले, "मग महापालिकेला थांबवा ना! कचरा उचलायचा कोणी, आणि थांबायचं कोणी?" प्राध्यापक म्हणाले, "तुम्ही थांबलात म्हणून निदान टपरीवर कचऱ्याचा विषय निघाला. इतकी वर्षं निघाला होता का?"

हे दोघेही मला पटले. बँकेत नोकरी करून करून माझ्यात हा दोष आला आहे. जमा आणि नावे दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात.

तिसरी बाजू आली ती सोमवार उलटल्यावर, काउंटरच्या खिडकीतून. आमच्याकडे एका मिस्त्रीचं बचत खातं आहे. बचत हे खात्याचं नाव. पैसे शनिवारी येतात आणि बुधवारी जातात. हा मिस्त्री सकाळी मजूर जमतात त्या चौकातून माणसं घेऊन जातो. त्यातली बरीचशी मेळघाटातली, धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू मंडळी. नवरा-बायको दोघंही येतात, बांधल्या जाणाऱ्या इमारतीच्याच कडेला पाल ठोकतात, पोरगं रेतीच्या ढिगावर झोपवतात आणि घमेली वाहतात. इमारत झाली की ती तिथून सर्वात आधी उठतात.

मिस्त्रीनं पाचशेची स्लिप भरली. खात्यात सहाशे बारा होते.

"काय म्हणतं काम?" मी उगाच विचारलं.

"काय म्हनन साहेब, बसून राह्यलो. चार दिवस झाले. मालक म्हनते, कोर्टाचा स्टे हाय. म्या म्हनलं, कोर्टानं कचऱ्याले काहून नाई देला स्टे? कामाले काहून देला?"

मी काही बोललो नाही. त्यानं अंगठ्याला लागलेली शाई केसांना पुसली आणि हसला.

"पोळा आला साहेब. बैलाले बी त्या दिवशी कामाले जुंपत नाई. पन त्याले पुरनपोळी देते मानूस, शिंगं रंगवते, झूल घालते. आमाले नुसतीच सुट्टी देली. पोळी कोठी हाय?"

त्या साली पोळा ९ सप्टेंबरला होता. मी पाचशे मोजून दिले. नव्या नोटा होत्या, कडक. एवढंच माझ्या हातात होतं.

आता हे बिल्डरला, गुरुजींना आणि मिस्त्रीला कोणीच नीट सांगितलं नव्हतं, की हा खटला मुळात बांधकामाचा नव्हताच. तो डासाचा होता. २०१५ साली दिल्लीत सात वर्षांचा एक मुलगा डेंग्यूनं गेला. आईबाप त्याला घेऊन दवाखान्यांच्या दारोदार फिरले होते. तो गेल्यावर त्या दोघांनीही आपला जीव दिला. ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि न्यायालयानं ती आपणहून दाखल करून घेतली. खटल्याला वादीचं नाव नव्हतं, कारण वादी उरलेच नव्हते. त्या बातमीचा मथळा हेच खटल्याचं नाव झालं. डेंग्यूवरून डासावर, डासावरून कचऱ्यावर आणि कचऱ्यावरून धोरणावर असा तो खटला तीन वर्षं चालत आला होता. ही माहिती मला कळली तेव्हा मी डबा खात होतो. डबा मी परत झाकून ठेवला.

आणि तरी टपरीवर सगळ्यांचा एकच सवाल, की डासाचा आणि बांधकामाचा संबंध काय? त्याचं उत्तर आमच्या आळीतच राहत होतं. हिवताप विभागातून निवृत्त झालेले एक कर्मचारी आहेत. नोकरीभर त्यांनी लोकांच्या रांजणात बॅटरी मारून पाहिलं. अजूनही कोणाकडे लग्नाला गेले तर आधी पिंप उघडून पाहतात. ते म्हणाले, "डेंग्यूचा डास गटारातला नव्हे हो. तो तुमच्याआमच्यासारखा मध्यमवर्गीय. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं आणि तो चावतो दिवसा, कचेरीच्या वेळेत." असं पाणी सर्वात जास्त कुठे साठतं? भंगारातल्या टायरात, करवंटीत, प्लास्टिकच्या डब्यात, म्हणजे कचऱ्यात; आणि दुसरं बांधकामावर. स्लॅबला पाणी मारायला हौद बांधतात, स्लॅबवर वाफे करून दोन-दोन आठवडे पाणी कोंडतात. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, असं ते बत्तीस वर्षं सांगत आले.

म्हणजे न्यायालयाला ठाऊक असो वा नसो, डासाला तो संबंध चांगला ठाऊक होता. मी गुरुजींच्या अर्ध्या घराजवळून गेलो तेव्हा मुद्दाम हौदात डोकावलो. काम थांबलेलं, हौद भरलेला. पाण्यात बारीक बारीक स्वल्पविराम वळवळत होते. बांधकाम थांबवून डास थांबत नव्हता. उलट कोणी पाणी उपसायलाच नव्हतं. गुरुजींना सांगितलं. त्यांनी शाळेतल्या चार पोरांकडून हौद रिकामा करून घेतला आणि पोरांना त्यावर निबंध लिहायला लावला, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

इकडे अकोल्याहून आमच्या साडूंचे फोन सुरू झाले होते. अकोलं अमरावतीपासून शंभरेक किलोमीटर. पण तो रस्ता इतकी वर्षं असा होता की अंतर किलोमीटरात नव्हे, हाडांत मोजावं लागे. (त्या रस्त्याचं काम वर्षानुवर्षं थांबलं, आणि मग जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा अंथरून गिनीज बुकात गेलं. आम्ही वऱ्हाडी माणसं एकतर थांबतो, नाहीतर विक्रम करतो. मधलं काही जमत नाही.) साडूंचं घर स्लॅबवर आलेलं. सेंट्रिंग ठोकून तयार, सळया बांधून तयार, आणि पावसानं सळयांवर तांबूस साय धरायला लागलेली. सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या, भाडं रोजाचं. सिमेंटची साठ पोती पाल घालून ठेवलेली, आणि सिमेंट ही पावसाळ्यात दुधाइतकीच नासकी वस्तू. स्लॅबची गंमत अशी की तो अर्धा करता येत नाही. एकदा ओतायला घेतला की सलग ओतावा लागतो, नाहीतर जुना नि नवा थर एकजीव होत नाही आणि तिथून जन्मभर पाणी गळतं.

"बँकवाले," साडू कडाडले, "मी जानेवारीत मोर्णेत उतरलो होतो का नाही?"

उतरले होते. १३ जानेवारी २०१८ ला अकोल्यानं आपली मोर्णा नदी साफ करायला घेतली; हजारो माणसं काठावर जमली, जलकुंभीचे भारे ओढून काढले. महिनाअखेरीस पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये अकोलेकरांचं नाव घेतलं. आमच्या साडूंनी अर्धी चड्डी घालून जलकुंभी उपसली होती आणि तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लागणार होता, फक्त दिवाणखाना व्हायचा होता.

"मी या हातानं नदी साफ केली, आणि माझाच स्लॅब कचऱ्यापायी अडवता? हा कोणता न्याय?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, स्थगिती मी दिलेली नाही."

"तुम्ही नाही, पण तुम्ही तिकडचेच!" अकोल्याच्या माणसाला अमरावतीचा बँक कारकून, विभागीय आयुक्त आणि सर्वोच्च न्यायालय हे साधारण एकाच दिशेला दिसतात.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जाईना. ज्या राज्यात कचऱ्याचं धोरण सापडत नव्हतं, त्याच राज्यात २००० सालापासून गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चाललेलं. बाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला. समाधी इथे गाडगेनगरात आहे. आमच्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव. गावात शिरले की आधी झाडू, मग कीर्तन, आणि जेवण शेवटी, हा त्यांचा क्रम. पण बाबा नुसते झाडत नव्हते, बांधतही होते. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, जिथे म्हणून गरीब माणूस उघड्यावर झोपतो तिथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत कर्करोगाच्या इलाजाला येणाऱ्यांना राहायला जागा नाही म्हणून दादरलाही सोय झाली. एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात विटा, आणि त्यांना त्यात काही विरोध दिसला नाही. स्वतः मात्र त्यातल्या एकाही इमारतीत राहिले नाहीत. त्यांच्या नावावर घरकर्जाची फाइल निघणं शक्य नव्हतं.

टपरीवर हे मी बोललो तेव्हा दोन मिनिटं शांतता पसरली. मग वकीलसाहेबांनी हातातला कागदी कप रस्त्यावर भिरकावला आणि म्हणाले, "खरंय."

स्थगिती फार टिकली नाही. सप्टेंबरातच ती महाराष्ट्रापुरती मागे सरकली. आणि त्याचं कारण ऐकून बँकेतल्या आम्हा कारकुनांची छाती अभिमानानं भरून आली. राज्याचं म्हणणं असं, की घनकचऱ्याचं धोरण आमच्याकडे तयारच होतं. ते न्यायालयापुढे आलेलं नव्हतं, एवढंच.

म्हणजे कागद होता. जोडायचा राहिला होता!

मंडळी, वीस वर्षं मी हेच ऐकत आलोय. "साहेब, उताऱ्याची नक्कल आहे हो घरी, झेरॉक्स जोडायची राहिली." "साहेब, फोटो काढलेत, चिकटवायचे राहिले." अशा माणसाची फाइल मी परत केली की सगळी रांग माझ्याकडे खाटकाकडे पाहावं तसं पाहते. आणि इथे साऱ्या राज्याची फाइल एका न जोडलेल्या कागदापायी परत आली! त्या दिवशी मला पहिल्यांदा सर्वोच्च न्यायालयाविषयी निव्वळ आदर नव्हे, तर व्यवसायबंधुत्व वाटलं. फरक इतकाच, की माझ्या टेबलावरून फाइल परत गेली तर एका माणसाची एक खेप फुकट जाते. तिथून परत गेली, तर मिस्त्रीच्या खात्यात एकशे बारा उरतात, आणि कागद जोडायचा ज्याच्याकडून राहिला त्याचा पगार एक तारखेलाच होतो.

स्थगिती उठल्यावर टपरी ओस पडली. उपअभियंत्यांनी 'बांधकाम' या शब्दाची साडेचार पानी व्याख्या लिहून आणली होती, ती ऐकायला कोणी उरलं नाही. सहकाऱ्याच्या घरी न्हाणीघराचं काम आठवड्यात सुरू झालं; सौभाग्यवतींनी मिस्त्री आधीच ठरवून ठेवला होता. मिस्त्री परत चौकात दिसू लागला, त्याची माणसं परत घमेली वाहू लागली. पोळा होऊन गेला होता.

कचऱ्याचं म्हणाल तर आमच्या घरी दोन बादल्या आल्या. ओल्या कचऱ्याला हिरवी, सुक्याला निळी. सौ.नं हे शास्त्र फार मनावर घेतलं. कांद्याचं साल हिरव्यात, बिस्किटाचा कागद निळ्यात, आणि चहाची पिशवी? तिच्यावर एक संपूर्ण रविवार गेला. दोरा निळ्यात, पिशवी हिरव्यात असा निवाडा झाला. सकाळी घंटागाडी आली तेव्हा आम्ही दोघं दोन बादल्या घेऊन, लग्नात अक्षता घेऊन उभं राहावं तसे उभे होतो. गाडीवाल्यानं हिरवी बादली घेतली, आत ओतली. निळी घेतली, त्याच ढिगावर ओतली.

"अहो भाऊ, ओलं-सुकं वेगळं आहे ना!" सौ. कळवळली.

"वयनी," तो म्हणाला, "घरात वेगळं ठेवा जी. गाडी एकच हाय."

पुढे वेगवेगळ्या कप्प्यांची गाडी आली. मधली पत्र्याची फळी पहिल्याच पावसाळ्यात कुजली, ते असो.

साडूंचा स्लॅब पोळ्यानंतर पडला. सलग पडला, कुठे गळत नाही. पहाटे सहाला मिक्सर सुरू झाला तो रात्री आठला थांबला, आणि त्या रात्री साडूंनी सगळ्या मजुरांना तिथेच पंगत मांडून वरण-बट्टी आणि बुंदी वाढली. मिक्सरवाल्यापासून ते रेतीवर निजलेल्या पोरांपर्यंत कोणाला सोडलं नाही. त्यांचं बोलणं कितीही अकोल्याचं असलं तरी माणूस चांगला आहे.

वास्तुशांत २०१९ च्या मे महिन्यात झाली. अकोल्यात, मे महिन्यात, होमासमोर बसून! गुरुजींनी अग्नी पेटवायला काडी घेतली तेव्हा वाटलं, नुसती समिधा अंगणात ठेवली असती तरी चाललं असतं. दिवाणखान्यात मोर्णेचा फोटो लागला होता. आहेर म्हणून आम्ही दोन मोठ्या बादल्या नेल्या होत्या, एक हिरवी, एक निळी, झाकणाच्या, चांगल्या दणकट. साडूंनी त्या डोळे भरून पाहिल्या, उचलून वजन घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात नेल्या.

दिवाळीला गेलो तेव्हा मी त्या मुद्दाम पाहून आलो. हिरवीत ज्वारी आहे. निळीत तुरीची डाळ. झाकणांवर चिठ्ठ्या लावून, तारखा घालून, कडुनिंबाचा पाला टाकून, अगदी नियमाप्रमाणे वेगवेगळं ठेवलंय. कचरा कुठे टाकता म्हणून विचारलं, तर साडू म्हणाले, "गाडी येते ना सकाळी. एकच तर हाय."